गाडीचे पुस्तक आणि मिस्त्रीची वही

कुटुंबात नवी मोटारगाडी आली की तिला धर्मगुरूंच्या हातून आशीर्वाद देवविण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती उत्तम रीत आहे. ख्रिस्तसभेच्या विधिग्रंथात वाहनांच्या आशीर्वादासाठी स्वतंत्र प्रार्थना आहे. प्रवाशांचा आश्रयदाता संत ख्रिस्तोफर याचे छोटेसे पदक गाडीत लावण्याची प्रथाही जुनीच. परंतु आशीर्वादाचे पाणी सुकते न सुकते तोच गाडीचा मालक जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथात सापडत नाही. “फादर, गाडी कामाला कोठे टाकावी? विश्वासाचा माणूस कोणी आहे काय?” सुरतेसारख्या विस्तीर्ण शहरात तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. खानदेशातून व महाराष्ट्राच्या अन्य भागांतून पोटापाण्यासाठी येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथे घर केलेल्या मराठी कुटुंबाला परक्या गावात मिस्त्री कोण, त्याची पत कशी, हे कळावे तरी कोठून?

हा प्रश्न वरवर पाहता ऐहिक आहे, आणि कुटुंबासाठी निघणाऱ्या साप्ताहिकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या यंत्रात आईवडील, मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बसतात, त्या यंत्राच्या ब्रेकचा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. तो प्राणांचा होतो, आणि म्हणूनच तो सदसद्विवेकबुद्धीचाही होतो. यास्तव आम्ही त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करीत आहो.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. चांगले गॅरेज कोणते? जे आपल्या गाडीचे पुस्तक उघडते, त्यात जे सांगितले आहे ते वेळेवर करते, जे सांगितलेले नाही ते कारण दाखविल्यावाचून करीत नाही, आणि जे केले ते लिहून देते. गॅरेज मोठे की लहान, काचेच्या दालनाचे की पत्र्याच्या छपराचे, हा प्रश्न त्यानंतरचा होय.

पुस्तक काय सांगते

प्रत्येक गाडीबरोबर कारखानदार एक पुस्तिका देतो. बहुतेक घरी ती डाव्या बाजूच्या खणात, विम्याच्या कागदांखाली आणि मुलांनी टाकलेल्या बिस्किटांच्या वेष्टनांखाली निद्रिस्त असते. ती उघडून शेवटची पाने पाहावीत. तेथे एक तक्ता असतो. एका बाजूस किलोमीटर आणि महिने, दुसऱ्या बाजूस गाडीचे एकेक अंग, आणि प्रत्येक चौकोनात एक खूण: हे तपासावे, ते बदलावे. ज्यांनी हे यंत्र घडविले, हजारो किलोमीटर चालवून पाहिले, त्यांनीच ते वेळापत्रक आखलेले असते. मिस्त्री कितीही कुशल असला तरी आपल्या गाडीचा जन्म त्याने पाहिलेला नसतो. या तक्त्याने तो पाहिलेला असतो.

या तक्त्यातील एक अट फार मोलाची आहे. किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी पुरे होईल ते धरावे, अशी ती अट. पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्याकडील अनेक गाड्यांत इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष झाले की बदलावा लागतो. यावर पुष्कळ गृहस्थ असा हिशेब करतात की, आमची गाडी वर्षाला ४,००० किलोमीटरच चालते, तेव्हा ऑइल अडीच वर्षे सहज चालेल. हा हिशेब चुकीचा आहे. ऑइल केवळ चालण्याने जुने होत नाही, काळानेही होते. किंबहुना जी गाडी घरापासून शाळेपर्यंत व शाळेपासून बाजारापर्यंत एवढीच फिरते, तिचे इंजिन पुरते तापतच नाही. मग इंजिनात धरलेला ओलावा आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते व उडून जात नाही. थोडी चालणारी गाडी म्हणजे थोडी झिजणारी गाडी, असे समीकरण मांडता येत नाही.

तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक सूचना असते आणि ती बहुधा कोणी वाचीत नाही. धूळ फार, उष्णता फार, थांबत थांबत चालणे फार, लहान लहान फेरे फार, अशा कठीण परिस्थितीत गाडी वापरावी लागत असेल तर नेहमीची मुदत कमी करावी, असे त्या सूचनेचे तात्पर्य. आता सुरतेच्या वाचकांनी आपल्या नित्याच्या वाटेकडे पाहावे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या घरात जातो. मेट्रोचे काम २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून अनेक रस्त्यांनी खणती, धूळ आणि मुंगीच्या चालीची वाहतूक सोसली. डुमस-हजिऱ्याकडे समुद्राची खारी हवा पत्रा व तारांची टोके खाते. म्हणजे ज्याला पुस्तक ‘कठीण परिस्थिती’ म्हणते, ते आपल्याकडे रोजचे जीवन होय. जो मिस्त्री गाडी हाती घेण्यापूर्वी “ही रोज कोठे जाते, किती चालते?” एवढे विचारतो, त्याने निम्मी परीक्षा तेथेच उत्तीर्ण केली असे समजावे.

पावसाळ्याची गोष्ट तर निराळीच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, हे सुरतकरांना विसरता येण्याजोगे नाही. लिंबायत, पर्वत पाटिया या बाजूंना खाड्यांचे पाणी शिरण्याचे प्रसंग त्यानंतरही आले आहेत. ज्या गाडीच्या इंजिनापर्यंत पाणी चढले असेल ती चालू करून पाहण्याचा मोह कोणी करू नये. हवेसारखे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असता इंजिन फिरविले तर आतील दांडा वाकतो आणि हजारांचे काम लाखावर जाते. अशी गाडी ओढूनच न्यावी. पुरातून निघालेल्या गाडीला मुदतीचा प्रश्नच नसतो. तिचे इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, फिल्टर हे सर्व किती किलोमीटर झाले हे न पाहता तपासावे लागते. जो मिस्त्री नुसते वाळवून, पुसून, अत्तराचा फवारा मारून गाडी परत करतो, त्याच्या दारात पुन्हा उभे राहू नये.

शहराने शिकविलेला धडा

नियमाने केलेल्या साध्या कामाची थोरवी कोणी सुरतकरांना शिकवावी असे नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली. लक्षावधी लोक शहर सोडून गेले. त्या वर्षीच्या पुरानंतर साचून राहिलेली घाण, तुंबलेली गटारे आणि न उचललेला कचरा यांकडे तेव्हा सर्व देशाने बोट दाखविले. १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणतेही चमत्कारिक औषध आणले नाही. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी थंड दालनातून उठून आपापल्या विभागातील रस्त्यांवर उतरावे, कचरा ठरल्या वेळी उचलला जावा, आणि कोणते काम कोणी केले हे जागच्या जागी पाहिले जावे, एवढीच ती शिस्त होती. थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने तिला पहिला क्रमांक मिळाला.

नगराचे जे, तेच यंत्राचे. गटार तुंबण्याआधी उपसावे, ऑइल काळे-जाड होण्याआधी बदलावे. बिघाड झाल्यावर धावणारा मिस्त्री सर्वांनाच आठवतो. बिघाड होऊ न देणारा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्याच्या कामाचे फळ म्हणजे काहीच न घडणे. ज्याच्या हातून आपल्यावर काही ओढवले नाही, त्याचे उपकार मानण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

वेळ चुकली तर काय होते

काही उदाहरणे घेऊ, म्हणजे हे वेळापत्रक कारखानदाराने आपला गल्ला भरण्यासाठी रचलेले नाही हे पटेल.

ब्रेक ऑइल घ्या. ते हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात वजनाच्या ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. सपाट रस्त्यावर, शहराच्या गर्दीत हे कळतही नाही. मग एखाद्या सुट्टीत कुटुंब सापुताऱ्यास जाते. उतरताना वळणावळणावर ब्रेक दाबावे लागतात, ते तापतात, आतील ऑइल उकळते, त्याची वाफ होते. द्रव दाब पोचवितो, वाफ पोचवीत नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. अनेक पुस्तिकांत २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगितलेले असते ते यासाठी. ज्या गॅरेजात “ऑइल पुरेसे आहे” एवढे पाहून झाकण लावतात, तेथे परिमाण पाहिले, गुण पाहिला नाही.

काही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, काहींत साखळी. बेल्ट असल्यास तो किती किलोमीटरांनी बदलावा हे पुस्तकात स्पष्ट दिलेले असते. बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि तुटण्यापूर्वी बहुधा काही कळवीत नाही. पुष्कळ इंजिनांत तो तुटताच आतील व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सुरत-मुंबईच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, मागून भरधाव ट्रक येत असता इंजिन असे एकाएकी बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

गुजरातेत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ. गॅसची टाकी सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरली जाते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २०० पट. या टाकीची दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती चाचणी फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच होऊ शकते. ही मान्यता देणाऱ्या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरास आहे. चाचणीची तारीख असलेली पट्टी गाडीवर असते. जे गॅरेज सीएनजीच्या गाडीचे काम करते आणि त्या पट्टीकडे डोळा टाकीत नाही, त्याने पुस्तक वाचले नाही हे उघड आहे. गॅसची गळती गल्लीतल्या गल्लीत ‘जुळवून’ देणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

टायरचेही तसेच. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये असा नियम आहे. त्यासाठी नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे ठेवलेले असतात. झीज त्यांच्याशी समपातळीला आली की टायरची मुदत संपली. पावसाळी रस्त्यावर गाडी आणि पाणी यांच्यामध्ये तेवढीच खाच उभी असते. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या मालकांनीही आपण सुटलो असे मानू नये. इंजिन ऑइल गेले, तरी ब्रेक, टायर, थंडावा देणारा द्रव आणि वेळापत्रक हे राहिलेच.

कंपनीचे गॅरेज की गल्लीतला मिस्त्री

वाचक आता मूळ प्रश्नाकडे येतील. कंपनीच्या अधिकृत गॅरेजात जावे की ओळखीच्या मिस्त्रीकडे?

अधिकृत गॅरेजात त्या त्या गाडीची उपकरणे, संगणकीय तपासणीचे यंत्र आणि अस्सल भाग असतात. वॉरंटीच्या काळात तेथे जाणेच सोयीचे असते. पहिल्या काही सर्व्हिसिंगची मजुरीही बहुतेक कंपन्या घेत नाहीत. ऑइल व फिल्टरचे पैसे मात्र द्यावे लागतात. स्वतंत्र मिस्त्रीकडे खर्च बहुधा कमी, आणि गाडीला हात लावणाऱ्या माणसाशी समोरासमोर बोलता येते, हा मोठाच लाभ. दोन्ही ठिकाणी प्रामाणिक माणसे आहेत आणि दोन्ही ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेचीही आहेत. म्हणून पाटी पाहून निवड करू नये, पद्धत पाहून करावी.

“बाहेर काम केले तर वॉरंटी गेली” ही भीती घालण्याची रीत आहे. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देऊन ग्राहकाला आपल्याच दारी बांधून ठेवल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी ६५ लाख रुपये दंड केला. स्वतंत्र गॅरेजात काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तथापि त्यातून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध असा की, वॉरंटीच्या अटी स्वतः वाचाव्यात, ऐकीव धाकावर जाऊ नये. आणि बाहेर काम करून घेतले तर ते वेळापत्रकाप्रमाणे, योग्य प्रतीच्या मालाने केले याचा लेखी पुरावा जपून ठेवावा. पुराव्यावाचून हक्क लंगडा असतो.

आता पारख कशी करावी ते सांगतो. पहिली खूण, मिस्त्री पुस्तिका मागतो की नाही. निदान गाडीचे वर्ष, मीटरवरचा आकडा आणि मागील कामाची नोंद तरी त्याने मागावी. दुसरी खूण, काम सुरू करण्यापूर्वी तो जॉब कार्ड लिहितो काय, अंदाजी खर्च सांगतो काय, आणि मध्येच काही नवे निघाले तर फोन करून विचारतो काय. तिसरी, ऑइल कोणत्या प्रतीचे घालणार हे तो डबा दाखवून सांगतो काय. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांना धुराड्यातील काजळी धरणाऱ्या चाळणीमुळे विशिष्ट ऑइल लागते. ड्रमातून काढलेले ‘सगळ्यांना चालणारे’ ऑइल तेथे अपाय करते. चौथी, बदललेला जुना भाग तो न मागता परत देतो काय. पाचवी, चाकाचे नट तो नुसत्या जोराने आवळतो की दाब मोजणाऱ्या पान्ह्याने. सहावी, पक्के बिल देतो काय. वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

सातवी खूण यंत्राशी संबंधित नाही, पण आम्ही ती सर्वांत वर ठेवू. गॅरेजात ‘छोटू’ आहे काय? चौदा वर्षांखालील मुलाला असे कामास लावण्यास कायद्याने बंदी आहे. काळ्या हातांचे ते पोर शाळेच्या वेळी आपल्या गाडीखाली शिरत असेल, तर ते गॅरेज आपल्याला स्वस्त पडते आहे त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे ख्रिस्ती माणसाने विचारलेच पाहिजे.

नव्या गॅरेजाची परीक्षा मोठ्या कामाने करू नये. आधी ऑइल-फिल्टरसारखे लहान काम द्यावे आणि वरील गोष्टी पाहाव्यात. लहान कामात जो नोंद ठेवतो तो मोठ्या कामातही ठेवील. थोडक्याबाबत विश्वासू असणाऱ्याविषयी शुभवर्तमानात प्रभूने जे सांगितले आहे, ते वाचकांना ठाऊकच आहे.

कमी करणारा आणि अधिक करणारा

मिस्त्रीचे दोष दोन प्रकारचे. एक पुस्तकापेक्षा कमी करतो: फिल्टर झटकून पुन्हा बसवितो, आणि बिलात ‘बदलला’ असे लिहितो. दुसरा पुस्तकापेक्षा अधिक करतो. गाडी ऑइल बदलण्यास जाते आणि परतताना इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, अंगावर चकाकीचा लेप अशी पाच कामे बिलावर चढलेली असतात. यांपैकी काही काही वेळी उपयोगी असतीलही. परंतु वेळापत्रकात नसलेले काम करावयाचे तर कारण दाखविण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते. अशा वेळी रागावू नये. “हे पुस्तकात कोठे आहे, दाखवता का?” एवढेच सौम्यपणे विचारावे. प्रामाणिक माणूस दाखवील किंवा कारण सांगेल. दुसरा विषय बदलील.

लेखी नोंदीचे मोल सुरतेइतके कोणत्या शहराला कळावे? एके काळी येथील सराफांची हुंडी दूरदूरच्या पेठांत पैशाप्रमाणे चालत असे. आजही महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात लाखोंचा माल कागदाच्या लहानशा पुडीतून एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तो विश्वासावर जातो हे खरे, पण पुडीवर वजन लिहिलेले असते. विश्वास आणि नोंद यांत वैर नाही. नोंद हे विश्वासाचे कुंपण आहे. मिस्त्री ओळखीचा आहे, आपल्याच चर्चचा आहे, म्हणून बिल कशाला, असे म्हणणारे विश्वासाचा मान राखीत नाहीत, उलट त्यावर नको तेवढा भार टाकतात.

आपली बाजू

मिस्त्रीकडून प्रामाणिकपणा मागणाऱ्याने आपलेही हात पाहावेत. “बिल नको, कर तेवढा वाचव” असे सांगणारा ग्राहक आपणच असतो. आणि मग काम बिघडले की हातात कागद नसतो. मजुरीत घासाघीस करून निम्म्यावर आणायचे आणि काम पूर्ण अपेक्षायचे, हाही अन्यायच होय. ज्याची मजुरी आपण कापतो, तो माणूस ती कोठून तरी भरून काढणार, आणि बहुधा ती न दिसणाऱ्या जागी, म्हणजे ब्रेकच्या आत किंवा फिल्टरच्या खोक्यात, भरून काढली जाते. कामकऱ्याला त्याची मजुरी वेळेवर व पुरी मिळावी ही पवित्र शास्त्राची शिकवण शेतमजुराइतकीच मिस्त्रीलाही लागू आहे. दुपारच्या उन्हात गाडीखाली उताणा पडून काम करणाऱ्या माणसाशी आदराने बोलावे आणि काम चांगले झाले तर तसे सांगावे, याला काही खर्च येत नाही.

गाडी विकतानाही हाच न्याय. मीटर मागे फिरविणे, अपघात लपविणे, पुराचे पाणी चढले होते हे न सांगणे ही व्यवहारचातुर्याची नव्हे, चोरीची नावे आहेत. ज्याने प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद जपली आहे त्याला असे काही करण्याची गरजच पडत नाही. त्याची वही त्याच्या वतीने बोलते, आणि बहुधा किंमतही वाढवून देते.

आशीर्वाद आणि ब्रेक

काही श्रद्धावंतांना वाटते, गाडीला आशीर्वाद दिला आहे, पदक लावले आहे, निघताना प्रार्थना करतो, प्रभू सांभाळील. प्रभू सांभाळतो यात शंका नाही. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचविणारा कोण होता आणि प्रभू येशूने त्याला काय उत्तर दिले, याचे स्मरण ठेवावे. जे आपल्या हाती आहे ते न करता देवावर भार टाकणे ही श्रद्धा नव्हे, ती त्याची परीक्षा पाहणे होय. आशीर्वादाची प्रार्थना चालकाकडून काही मागत असते: जागरूकता, संयम, परक्या जिवाची काळजी. झिजलेल्या ब्रेकवर ती प्रार्थना म्हणणे म्हणजे अर्धीच प्रार्थना म्हणणे.

रोममधील स्थलांतरितांच्या व प्रवाशांच्या सेवेसाठी असलेल्या परिषदेने जून २००७ मध्ये रस्त्यावरील धर्मसेवेविषयी मार्गदर्शक पत्र प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत, आणि त्यांतील पहिली म्हणजे आपल्या दशाज्ञांतील पाचवीच आहे: जीव घेऊ नये. ही आज्ञा सुऱ्याने मोडता येते तशी आळसानेही मोडता येते. रस्त्याच्या कडेने सायकलवर जाणारा गिरणीचा कामगार, मुलीचा हात धरून शाळेस नेणारी आई, यांना आपल्या ब्रेक ऑइलची तारीख ठाऊक नसते. ती आपल्याला ठाऊक असते, किंवा असावयास हवी. त्यांनी आपल्याला न विचारता आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. त्यांचा तो विश्वास आपण ज्या मिस्त्रीच्या हाती सोपवितो, त्याची निवड म्हणूनच हलक्या हाताने करावयाची नाही.

दहा कुमारींच्या दाखल्यात पाच शहाण्या आणि पाच मूर्ख होत्या. दिवे सर्वांजवळ होते, वराची वाटही सर्वच पाहत होत्या, झोपही सर्वांनाच लागली. भेद एवढाच होता की पाच जणींनी तेल आधी भरून ठेवले होते. मध्यरात्री दुकान शोधत फिरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर, जेवणाला वेळ असेल तेव्हा, घरातील मुलांना बरोबर घेऊन गाडीच्या खणातील ती पुस्तिका बाहेर काढा. शेवटचा तक्ता उघडा, मीटरवरचा आकडा पाहा, मागील बिलावरची तारीख पाहा. एका साध्या वहीत चार रकाने आखा: तारीख, किलोमीटर, केलेले काम, पुढची मुदत. वही मुलांकडेच लिहावयास द्या. मोठेपणी ती गाडी चालवतील तेव्हा ही सवय त्यांच्या बरोबर असेल. आणि सोमवारी गॅरेजात जाताना पुस्तिका व वही दोन्ही न्या. जो मिस्त्री ती पाहून कपाळाला आठी घालील, त्याला नमस्कार करून पुढे व्हा. जो हात पुसून ती उघडील आणि वाचू लागेल, त्याच्यापाशी थांबा.